थोरलीचं तोंड

आस्तोने ती चूक स्वतःच्या तोंडाने केली असती, तर दोन शिव्या खाऊन सुटला असता. पण त्या दुपारी त्याचं तोंड त्याचं नव्हतं. ते थोरलीचं होतं, आणि थोरलीच्या तोंडून निघालेला शब्द परत घ्यायची सोय आमच्याकडे नाही.

थोरली म्हणजे याक्सा, आमच्या सगळ्या वस्तीची मूळ आई. डोंगरातल्या झऱ्यापासून शेतांपर्यंतचा पाट तिने खणला आणि मग ती मेली. मेली म्हणजे तिचं जेवणं-चालणं तेवढं थांबलं, बाकीचा कारभार चालूच राहिला. वाळलेल्या अंगाने गुहेत गुडघे छातीशी घेऊन बसते, सणाला बाहेर येते, नवी वस्त्रं नेसते, पेरणी कधी धरायची ते सांगते, कोणाच्या मुलीने कोणाच्या घरात जावं यातही लक्ष घालते. जिवंत सासवासुद्धा इतकी उठाठेव करत नाहीत. फक्त बोलायला तिला एक माणूस लागतो. त्या माणसाला आम्ही तोंड म्हणतो.

आधी आस्तोचा मामा तोंड होता. तो गेला तेव्हा मुखिया पौकारने आस्तोला निवडलं. "याला स्वतःचं मत नाही," पौकार म्हणाला, "थोरलीला अडचण व्हायची नाही." खरं तर पौकारला अडचण व्हायची नव्हती. आस्तो हा जन्माचा होकारी माणूस. सख्ख्या भावाने उन्हाकडची शेताची पायरी स्वतःला ठेवून सावलीतली त्याला दिली, आस्तो हो म्हणाला. गवती दोरांचा पूल विणायची पाळी दुसऱ्याची असताना त्याला पिटाळलं, तेव्हाही हो म्हणाला. लग्नाआधी कार्वाने "मी तुला आवडते ना?" म्हणून विचारलं, त्यालाही हो म्हणाला, आणि तो होकार इतर होकारांहून वेगळा होता की नाही, याची कार्वाला अजून खात्री नाही.

तोंडाच्या कामात एक खोट आहे. थोरलीपुढे कोणीही प्याला धरला की तो तिने प्यायचाच असतो. आता थोरलीच्या घशाखाली कित्येक पिढ्यांत थेंब उतरलेला नाही. उतरतो तो तोंडाच्या. सणाच्या दिवशी प्रत्येक घरातून मक्याची दारू येते आणि एकाही घराला नको म्हणता येत नाही. एकाचा प्याला घेतला आणि दुसऱ्याचा ठेवला, तर पुढचं वर्षभर भांडणं निस्तरत बसा.

त्या सणाला राजधानीहून, कुस्कोहून, राजाचा माणूस आला होता. नाव रिमाची, हुद्दा 'सगळं पाहणारा'. कुस्कोच्या बड्या लोकांसारखे त्याचेही कान लहानपणापासून ओढून ओढून मोठे केलेले, पाळ्यांमध्ये सोन्याच्या चकत्या बसवलेल्या. रस्त्याखाली सूर्यदेवाच्या मक्यासाठी शेताच्या नव्या पायऱ्या बांधून झाल्या होत्या. दगड आम्हीच वाहिले होते. पायऱ्या देखण्या झाल्या, फक्त पाणी नव्हतं. वरच्या वळणावर आमचा पाट फोडून तिकडे वळवला की झालं. मग आमच्या खालच्या शेतांना काय उरेल, हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. आस्तोचं शेत पाटाच्या अगदी शेपटाशी. सुकायला सुरुवात तिथूनच झाली असती.

कुस्कोवाले हिसकावून घेत नाहीत, हे त्यांचं मानलं पाहिजे. ते दोन दऱ्यांपलीकडे फौज बसवतात आणि मग अगदी गोड आवाजात मागतात. पौकारने आधीच मान डोलावली होती. पण पाट थोरलीचा, तेव्हा तिचा होकार सगळ्यांसमोर व्हायला हवा होता. त्यासाठीच तर आस्तो ठेवलेला.

रिमाचीने जोडीचे दोन प्याले भरले. एक स्वतः घेतला, एक थोरलीपुढे धरला.

"थोरल्या आई, सूर्याच्या लेकाने, आमच्या राजाने, तुमची खुशाली विचारलीय. तुमचं पाणी खालच्या पायऱ्यांना मिळावं, अशी त्याची विनंती आहे. आपण हो म्हणाल ना?"

आस्तोने तो प्यालाही संपवला. तोवर वस्तीतली सगळी घरं त्याच्या पोटात होती.

"नाही," तो म्हणाला.

पौकारला वाटलं, ढेकर असेल.

"नाही म्हटलं, पोरा. एवढाले कान घेऊन आलास आणि ऐकू येत नाही? तहान लागली असेल तर ओंजळ धर, पाजते. पण माझ्या लेकरांच्या तोंडचं काढून तुझ्या धन्याच्या मक्याला घालायची नाही मी. मी पाट खणत होते तेव्हा कुठे होता तुझा राजा? त्याच्या आजाचा आजा तेव्हा रांगत होता."

एवढं बोलून आस्तोने थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि घोरायला लागला.

रिमाचीने सावकाश ओठ पुसले. "थोरल्या आई दमल्यात," तो म्हणाला. "उद्या ऊन वर आलं की पुन्हा विचारीन." आणि तो रस्त्यावरच्या सरकारी उतारशाळेकडे निघून गेला. ओरडला असता तर बरं, असं पौकारला वाटलं.

आस्तो जागा झाला तो डोक्यावर पाटाचं गार पाणी पडल्यामुळे. घडा कार्वाच्या हातात होता.

"ऊठ. राजाला नाही म्हणून आलास."

"मी?"

"मग मी काय?"

"कोणत्या राजाला?"

"किती आहेत? एकच आहे ना, त्यालाच."

आस्तो उठून बसला. हळूहळू एकेक शब्द त्याला आठवत गेला, आणि प्रत्येक शब्दागणिक तो थोडा थोडा पांढरा होत गेला. कानांबद्दलचं आठवलं तेव्हा त्याने स्वतःचे कान झाकून घेतले. तेवढ्यात दारात पौकार आला.

"मुखियाबाबा, माझ्याकडून..."

"आता तू बोलू नकोस. तुझं बोलून झालंय." पौकार टेकला. "ऐक. उद्या तो विचारेल. तू एवढंच म्हणायचंस, काल बोललो तो मी, आस्तो. जास्त झाली होती. थोरलीचं म्हणणं हो असंच आहे. पाठ झालं?"

"आणि मग याचं काय करतील?" कार्वाने विचारलं.

"पाठीवर दगड टाकतील. फार उंचावरून टाकणार नाहीत. मी बोललोय तसं."

"किती काळजी तुम्हाला."

"थट्टा करू नकोस, बाई. हा अडून बसला तर ते थोरलीला कुस्कोला नेतील, पाहुणी म्हणून. पलीकडच्या दरीतल्यांचा आजा नेला, विसरलीस? पेरणी कधी धरायची हे विचारायला ते लोक अजून कुस्कोपर्यंत चालत जातात. परत येईपर्यंत पेरणीचे दिवस निघून गेलेले असतात. आणि थोरली गेली की पाट आपला, असं सांगायला उरलं कोण? म्हणजे तीही जाणार आणि पाणीही जाणार."

यात खोटं काही नव्हतं. आस्तोने खाली पाहिलं. "हो, बाबा," तो म्हणाला.

पौकार सुटल्यासारखा उठून गेला. कार्वाने चाती घेतली आणि लोकर कातायला बसली. चाती नुसती भणभणत होती.

"जन्मात एकदा नाही म्हणालास. तेही उसन्या तोंडाने. आणि तेवढंही आता परत देऊन येणार."

"मग काय करू? दगड तुझ्या पाठीवर नाही पडायचा."

"आणि बटाटे माझ्या पोटात नाही पडायचे, त्याचं काय?"

एरवी अडलं की आस्तो हो म्हणायचा, पण इथे तेही बसेना.

दिवस बुडायच्या आत थोरलीला गुहेत पोचवायचं होतं. चौघा भोयांनी तिला वर नेऊन ठेवलं आणि ते परतले. सणाची वस्त्रं उतरवून नेहमीची नेसवायचं काम तोंडाचंच. आस्तोने ते नेहमीच्या हातांनी केलं. शाल काढली, घडी घातली, तिच्या कपाळावरची पट्टी सारखी केली. मग तिच्यासमोर बसून उद्याचं वाक्य म्हणून पाहायला लागला.

"काल बोललो तो मी, आस्तो."

ठीक जमलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तो अडखळला. त्याला मागची वर्षं आठवायला लागली. पौकारच्या पुतण्याला ओढ्याकाठची जमीन द्यायची होती, तेव्हा थोरली हो म्हणाली होती. सरकारी कोठारांसाठी जास्तीचे लामा द्यायचे होते, तेव्हाही ती हो म्हणाली होती. नव्या पायऱ्यांचे दगड वाहायला सगळी वस्ती जुंपली, तेव्हाही. ते सगळे होकार याच तोंडातून निघाले होते, बहुतेक वेळा इतकीच दारू पोटात असताना. एकदाही कोणी विचारायला आलं नव्हतं की हे थोरली बोलली की आस्तो.

"म्हणजे हो म्हटलं की ती तू," तो थोरलीला म्हणाला, "आणि नाही म्हटलं की तो मी?"

थोरली त्याच्याकडे पाहत राहिली. तिला दुसरं काही करताही येत नाही. पण आस्तोला राग आला होता, आणि राग हा प्रकार त्याला इतका नवा होता की आधी त्याला ते पोटाचं दुखणं वाटलं. तो गुहेच्या दाराशी जाऊन उभा राहिला. खाली पाट चकाकत होता आणि त्याच्या शेपटाशी त्याचं ते सावलीतलं, दुय्यम, भावाने गळ्यात मारलेलं शेत हिरवं होतं. दुपारी आपण बोललो की ती बोलली, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. पण जे बोललं गेलं ते खोटं होतं, असं उद्या सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. आणि खोटं तर ते नव्हतं.

तो घरी आला आणि जेवायला बसला. कार्वाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सूपमध्ये आणखी एक बटाटा टाकला.

सकाळी थोरलीला पुन्हा खाली आणलं. सगळी वस्ती जमली. रिमाची आला, मागे त्याचे भालाईत. पौकारने आस्तोकडे पाहून ओठ हलवले, म्हणजे पाठ आहे ना, अशा अर्थी. रिमाचीने प्याला पुढे केला. आस्तोने तो थोरलीच्या ओठांना लावला आणि सगळाच्या सगळा भुईवर, धरणीच्या नावाने ओतला. स्वतः घोटही घेतला नाही. हे साऱ्यांनी पाहिलं, 'सगळं पाहणाऱ्या'नेही.

"थोरल्या आई, झोप लागली ना?"

"मी कधीची झोपलेय. तू तुझं बोल."

"काल आपण जरा दमला होतात."

"मेल्यापासून मी दमलेली नाही, पोरा. दमले होते ती पाट खणताना."

बायकांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. पौकारने डोळे मिटून घेतले.

"मग पाण्याचं काय ठरलं?"

"काल सांगितलं तेच. नाही."

रिमाचीने थोरलीवरची नजर काढून आस्तोवर ठेवली. आवाज तसाच गोड होता. "तू. हे तू बोलतोस की ती?"

उत्तर थोरलीच्याच आवाजात आलं.

"कुस्कोत तुझ्या धन्याचा मेलेला बाप माझ्यासारखाच गुडघे दुमडून बसलाय," थोरली म्हणाली. "त्याचा वाडा आहे, शेतं आहेत, चाकर आहेत. तो म्हणतो हे माझं, आणि ते त्याचंच राहतं, पोटच्या लेकालाही मिळत नाही. त्याच्या वतीने जो बोलतो, त्याला विचारलंस कधी, हे तू बोलतोस की तो?"

रिमाचीने कधी विचारलं नव्हतं. असं विचारणाऱ्याचे कान कुस्कोत मोठे राहत नाहीत. मुळात राहतच नाहीत. आस्तोचं तोंड खोटं ठरवायचं, तर कुठलं तोंड खरं, हा प्रश्न मागोमाग आलाच असता, आणि तो घेऊन कुस्कोला परत जायची रिमाचीची इच्छा नव्हती. त्याने दुसरी वाट धरली.

"बरोबर आहे, थोरल्या आई. तोंडावर आमचा संशय नाही. मग आता राजाचं निमंत्रण ऐका. तुम्हाला कुस्कोला यायचंय. तिथे मानाने राहाल. भोई कुठायत? उचला."

भोई म्हणजे आमचेच चौघे. त्यांच्यात कुंतुर होता, आस्तोच्या शेजारच्या शेतातला, अंगापिंडाने पुलाच्या खांबासारखा. त्याने थोरलीच्या डोलीच्या दांड्याला हात घातला, मग काढून घेतला, आणि तिथेच खाली बसला.

"काय झालं?" रिमाचीने विचारलं.

"काही नाही, धनी. बसलो."

कार्वा बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि वाटेच्या मधोमध बसली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. उरलेले तीन भोई बसले. म्हातारे तर बसायला निमित्तच शोधत होते. थोड्याच वेळात सगळी वस्ती भुईवर होती आणि पौकार एकटा उभा. आपण फार उंच दिसतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. तोही बसला. गुडघा दुखत होता म्हणून बसलो, असं तो पुढे सांगायचा, आणि गुडघा त्याचा दुखतो हे खरंच आहे.

"तुम्ही उचला," रिमाची भालाइतांना म्हणाला.

भालाईत कुठले कुठले, पण सगळे डोंगरातलेच. प्रत्येकाच्या गावात एखाद्या गुहेत कोणी ना कोणी गुडघे दुमडून बसलेलं. दुसऱ्याच्या आईला हात लावणाऱ्याच्या हाताचं काय होतं, हे त्यांना दुधाबरोबर शिकवलेलं. एक जण आकाशाकडे पाहू लागला. दुसरा भाल्याचं टोक पुसायला लागला.

"यांना मारायचं असेल तर मारतो, धनी," तिसरा हळूच म्हणाला. "पण तिला नका उचलायला लावू."

हा मोठा अवघड क्षण होता. रिमाचीने मारा म्हटलं असतं, तर ही गोष्ट सांगायला आमच्यातलं कोणी उरलं नसतं. तो वस्तीकडे पाहत राहिला. वस्ती भुईकडे पाहत राहिली. फक्त कार्वा त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेसमोर फार वेळ उभं राहणं आस्तोलाही कधी जमलेलं नाही.

"तुमच्या झऱ्याला पाणी कमी आहे," शेवटी रिमाची म्हणाला.

कुंतुरने मान वर केली.

"मी स्वतः पाहिलंय. खालच्या पायऱ्यांपर्यंत पोचायचं नाही. तसंच मी कुस्कोत सांगेन." तो सगळं पाहणारा होता, तेव्हा त्याने पाहिलं म्हटल्यावर विषय संपला. "थोरल्या आई इथेच राहतील. पण मला हात हलवत परत जाता येत नाही. हे तोंड माझ्याबरोबर येईल. पूर्वेच्या उतारावर कोकाच्या मळ्यांत माणसं हवी आहेत."

पूर्वेचा उतार म्हणजे दमट, गरम, डासांचा मुलूख. आमच्या उंचीवरची माणसं तिथे तापाने पडतात आणि बरेचदा उठत नाहीत. कार्वाने पहिल्यांदाच नजर खाली घेतली.

आस्तोने थोरलीची शाल सारखी केली आणि तिच्यापासून चार पावलं बाजूला येऊन उभा राहिला.

"हे थोरलीला विचारता, धनी, की मला?"

"तुला."

"मग नाही." त्याचा स्वतःचा आवाज थोरलीच्या आवाजाहून बारीक होता. "पण तुमच्याकडे भाले आहेत, तेव्हा चालतो. फक्त तो हो म्हणाला, असं तिकडे सांगू नका."

रिमाचीने मान डोलावली. ते त्याने पाळलं की नाही, ठाऊक नाही.

कार्वाने त्याला भाजलेला मका, वाळवलेले बटाटे आणि चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी दिली. कोकाच्या मळ्यात निघालेल्या माणसाला कोकाची पानं कशाला, असं आस्तो म्हणाला. "तिथली तुझी नसतील," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरची गाठ उगीचच सोडून पुन्हा बांधली.

"तिकडे कोणी काही विचारलं तर?"

"बघू."

"बघू नकोस. आता सवय लागलीय, तर राहू दे."

तो गेला. पाट होता तिथेच राहिला. नवं तोंड निवडायची वेळ आली, तेव्हा पौकारने दोन-तीन गरीब स्वभावाची माणसं काढली. बायकांनी कार्वाचं नाव पुढे केलं. बाई तोंड कशी होईल, असं पौकार म्हणाला. थोरली काय बाप्या होती, असं बायकांनी विचारलं. तेव्हापासून थोरली प्याल्यातला अर्धा भुईवर ओतते आणि पौकार तिला फारसं काही विचारत नाही.

राहता राहिला कुंतुर. त्या सणाच्या आधी, शेत फोडायच्या दिवसांत, आस्तो थोरलीच्या वस्त्रांच्या कामात अडकला होता, म्हणून कुंतुरने त्याच्या शेतात पायनांगर घेऊन एक दिवस काढून दिला होता. आमच्याकडे दिवसाला दिवस फेडतात. पुढच्या हंगामात कार्वाने तो फेडायला आपल्या भावाला धाडलं. कुंतुरने त्याला पोटभर सूप पाजलं, त्याच्या नांगराची तारीफ केली आणि परत पाठवलं. कार्वा स्वतः जाब विचारायला गेली.

"माझ्या भावाचा दिवस कमी पडतो का तुला?"

"छान आहे त्याचा दिवस. पण मी आस्तोला दिला होता. आस्तोकडूनच घेईन."

"तो कुठे आहे, आहे की नाही, हे तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही ना," कुंतुर म्हणाला आणि ढेकळं फोडत राहिला.

मग काही वर्षांनी कुस्कोहून माणसं मोजणारे आले. त्यांना घराघरातले जिवंत वेगळे आणि मेलेले वेगळे हवे असतात. आस्तोचं नाव निघालं तेव्हा पौकार घुटमळला. कार्वा चाती फिरवत राहिली. मोजणाऱ्याने हिशेबाच्या दोरीला मेलेल्यांच्या बाजूने गाठ मारायला घेतली.

"त्याला मेलेल्यांत कसा घालता?" कुंतुर मागून म्हणाला. "माझा एक दिवस आहे त्याच्याकडे."

"बरीच वर्षं झाली म्हणे त्याला जाऊन."

"मग दिवस जुना झाला. फिटला कुठे?"